परत येण्याचा पुरावा

लंडनहून पॅरिस रेल्वेने सव्वादोन-अडीच तासांवर आहे. मीरा रोडहून पुण्याला जायला याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे इथले आईबाप इंग्लंडला मुलाबाळांकडे पोचले, की आठवडाभरात कुणीतरी म्हणतंच, "एवढ्या लांब आलात, तर शेजारचं फ्रान्सही बघून घ्या." म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा ब्रिटिश पासपोर्ट असतो. आईबापांच्या हातात भारतीय असतो. हा फरक स्टेशनवर जाऊन कळण्यापेक्षा घरी बसून कळलेला बरा, म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्या घरचंच उदाहरण घेतो. अम्मींची धाकटी मुलगी लंडनला असते. जावई ब्रिटिश नागरिक, दोन्ही नातवंडं जन्माने ब्रिटिश. मुलीने भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही, तिला तिथे कायम राहण्याची परवानगी आहे. अम्मी आणि आम्ही नवराबायको पूनम सागरचे रहिवासी. एका दस्तरखानावर बसणारी ही सात माणसं गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या बकरी ईदनंतर, चार दिवस फ्रान्सला जाऊन आली. जावई आणि मुलं नुसता पासपोर्ट दाखवून आत गेली. मुलीने लंडनमध्ये व्हिसा काढला. आम्हा तिघांना तो मुंबईतच काढावा लागला. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर ब्रिटिश नवऱ्याबरोबर जाणाऱ्या भारतीय बायकोला हा व्हिसा मोफत आणि सोप्या रीतीने मिळायचा. २०२० संपलं आणि ती सवलतही संपली. आता जावयाच्या पासपोर्टचा आमच्या मुलीला फारसा उपयोग नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. फ्रान्सचा व्हिसा लंडनला पोचल्यावर काढू, असं मनात धरून कुणी निघू नये. शेंगेनचा नियम असा, की माणूस जिथे कायदेशीर रहिवासी आहे तिथल्या वकिलातीतच त्याने अर्ज करायचा. पाहुणा म्हणून गेलेला माणूस रहिवासी नसतो. त्याला तिथे अर्ज करायचा तर घरून का केला नाही याचं पटणारं कारण द्यावं लागतं, आणि "तेव्हा ठरलं नव्हतं" हे कारण सहसा पटत नाही. म्हणजे पॅरिसला जायचं की नाही हे पूनम सागरच्या दिवाणखान्यातच ठरवायला हवं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. आम्ही हिवाळ्यात ब्रिटनचा व्हिसा घेतला आणि मग फ्रान्सचा अर्ज केला. क्रम हाच ठेवावा, कारण फ्रान्सहून पुन्हा लंडनला परतण्याचा हक्क आहे हे फ्रेंचांना दाखवावं लागतं. ब्रिटनचा साधा भेटीचा व्हिसा बहुतेक वेळा अनेक प्रवेशांचा असतो, तरी आपल्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं.

शेंगेन हे लक्झेंबर्ग देशातलं मोझेल नदीकाठचं एक लहानसं गाव. १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी तिथे नदीतल्या एका बोटीवर करार केला, की आपसातल्या सीमांवर तपासणी करायची नाही. आज त्यात २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रुमानिया २०२५ च्या जानेवारीत पूर्णपणे आत आले. ब्रिटन त्यात कधीच नव्हतं, आयर्लंडही नाही. एका देशाने दिलेला व्हिसा सगळ्यांना चालतो, पण अर्ज मात्र जिथे जास्त रात्री मुक्काम आहे त्याच देशाकडे करायचा. "अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो, तिथला काढा आणि कुठेही फिरा" असं सांगणारे एजंट आपल्या भागातही आहेत. त्यांच्या नादी लागू नये.

फी मोठ्या माणसाला ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ४५, त्याहून लहानाला नाही. म्हाताऱ्या माणसाला सूट नाही. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. आजारपणाचा प्रवास-विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. ही यादी कुठेही मिळेल. आम्हाला सांगायचंय ते यादीच्या मागे काय आहे ते.

कागद गोळा करायला बसलो तेव्हा ध्यानात आलं, की जाण्याचे कागद थोडेच असतात. तिकीट, हॉटेल, विमा झालं की ते संपतात. बाकी सगळा गठ्ठा परत येण्याचा असतो. नोकरीचं पत्र, सुट्टी मंजूर झाल्याचं पत्र, बँकेचा उतारा, आयकराचे कागद, घराचा कागद. समोरच्या अधिकाऱ्याला एकच शंका असते, हा माणूस मुदत संपायच्या आत तिथून निघेल का? व्हिसा नाकारताना जो छापील फॉर्म देतात, त्यात कारणांपुढे खुणा केलेल्या असतात, आणि हीच शंका त्यातलं एक छापील कारण आहे. २०२४ साली भारतातून ११ लाखांहून अधिक अर्ज गेले, आणि साधारण सात अर्जांमागे एक परत आला.

आम्हा दोघांचं सोपं होतं. आमच्यापैकी एक शाळेत शिकवतो, दुसरीचं हिशेबाचं काम आहे. प्रश्न अम्मींचा होता. वय ७४, बेवा. पगार नाही, आयकर नाही. त्यांना परत का यायचंय, हे कागदावर कसं दाखवायचं?

घरात बसून आम्ही त्याची मोजदाद केली. अस्रनंतर इमारतीतली आठ-दहा मुलं त्यांच्याकडे कुरआन शरीफचा सबक घ्यायला येतात, गेली वीस वर्षं. त्याचा कागद नाही. अब्बांची कबर इथे आहे, दर जुम्म्याला अम्मींचं पोराबाळांकडून फातिहा पोचवणं असतं. त्याचाही कागद नाही. गुडघ्याचे डॉक्टर, खालच्या मजल्यावरची मैत्रीण, दारात येणारा मासळीवाला, यातल्या कशालाच शिक्का नसतो. कागद होते ते दोनच. अब्बा मुंबई बंदरात नोकरीला होते, त्यांच्या निवृत्तिवेतनाचा हिस्सा अम्मींच्या खात्यात दरमहा येतो, त्याचं पासबुक. आणि पूनम सागरच्या सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ज्यावर आता अम्मींचं नाव आहे.

या दुसऱ्या कागदाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पूनम सागर, शांती नगर, नया नगर, कुठल्याही जुन्या इमारतीच्या जिन्याखाली नावांची पाटी बघा. त्यातली किती माणसं आज हयात आहेत? डोंगरीतली, माझगावातली पागडीची खोली सोडून ज्यांनी इथे घर घेतलं, ती पहिली पिढी एकेक करून गेली. पाटीवर नाव त्यांचंच, सर्टिफिकेटवरही त्यांचंच. आपल्यात अनेकांना वाटतं की नॉमिनी लावला म्हणजे झालं. नॉमिनी हा सोसायटीच्या दृष्टीने सांभाळणारा असतो, वारस शरीअतप्रमाणे ठरतात. मुलं असतील तर बेवेचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात. अब्बांच्या इंतकालनंतरच्या वर्षी तिन्ही भावंडांनी आपापला हिस्सा राजीखुशीने अम्मींना सोडला, हक्कसोड पत्र नोंदवलं, आणि मग सोसायटीने सर्टिफिकेटवर नाव चढवलं. तेव्हा डोक्यात फ्रान्स नव्हतं, अम्मींना म्हातारपणी कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये एवढंच होतं. पण अर्जात अम्मींची म्हणावी अशी जगातली एक वस्तू दाखवता आली, ती ही.

सबकच्या मुलांचं आम्ही सोबतच्या पत्रात लिहिलं. त्याला पुरावा नाही, पण ते खरं होतं. एका ओळखीच्या एजंटने सल्ला दिला होता, की अम्मींच्या खात्यात महिनाभर चार लाख ठेवू, नंतर काढून घेऊ, आणि हॉटेलचं खोटं बुकिंग करून देऊ. असा सल्ला आपल्याकडे मदत म्हणून दिला जातो. तो खोटी गवाही द्यायचा सल्ला आहे, आणि धोक्याचाही. अचानक आलेली रक्कम उताऱ्यात लपत नाही, आणि अर्जाची, नकाराची नोंद सगळ्या शेंगेन देशांना दिसेल अशी पाच वर्षं राहते.

नावांचा घोळ आपल्या घरांत सगळ्यात मोठा. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मोहमद, तिसऱ्यावर नुसतं एमडी. बाईचं नाव आधारवर नवऱ्याच्या नावासकट, पासपोर्टवर बापाच्या. जुन्या बायकांच्या पासपोर्टवर पुष्कळदा एकच नाव असतं, आडनावाची जागा कोरी. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने असं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर भेटीच्या व्हिसाने येणाऱ्यांना बंदी केली, तेव्हा कित्येक घरांत धावपळ झाली होती. अम्मींचा पासपोर्ट त्यानंतर नूतनीकरणाला गेला, तेव्हाच आडनाव भरून घेतलं. निकाहनामा उर्दूत असेल तर महापालिकेचं विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडीला ठेवावं. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणी सगळ्या धर्मांना लागू आहे. फोटोत डोक्यावर ओढणी चालते, हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा मात्र उघडा हवा.

व्हिसा केंद्रात अम्मींच्या बोटांचे ठसे उमटेनात. पन्नास वर्षं भाकरी थापलेली, मासळी साफ केलेली बोटं. काचेवर पुन्हा पुन्हा दाबून, पुसून, पाचव्यांदा यंत्राने मान्य केलं. बारा वर्षांखालच्या मुलांना, आणि ज्यांचे ठसे शरीराच्या अडचणीमुळे घेताच येत नाहीत त्यांना यातून सूट आहे, हे तिथल्या मुलीने सांगितलं. तिने खोबरेल तेलाचाही सल्ला दिला, तो अम्मींना जास्त पटला.

आमचे दोघांचे पासपोर्ट बाराव्या दिवशी परत आले. अम्मींचा आला नाही. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात आणि कधी पंचेचाळीसही, हे माहीत होतं, पण त्या दिवसांत घरात कुणी फ्रान्सचं नाव काढेना. लंडनहून मुलगी विचारायची, गाडीची तिकिटं ठेवू की रद्द करू? अम्मी म्हणायच्या, "तुम्ही जा, मी पोरांजवळ घरी राहीन." पण पोरांनाही जायचं होतं. आणि मुळात फ्रान्सची ओढ अम्मींनाच होती. त्यांचे वडील रत्नागिरीकडचे खलाशी. १९५० च्या दशकात त्यांचं जहाज मार्सेल्सला लागायचं. ते सांगायचे, फ्रान्स बघितला तो जहाजाच्या कठड्यावरून आणि बंदराच्या दोन गल्ल्यांतून. त्यांच्याकडे कागद होता तो सीडीसी, खलाशाच्या नोकरीच्या नोंदींची पुस्तिका. त्यावर जहाज बंदरात असेतो किनाऱ्यावर उतरता यायचं, भोंगा वाजायच्या आत परतायचं. ती पुस्तिका अम्मींच्या ट्रंकेत आहे.

नऊ दिवसांनी अम्मींचाही पासपोर्ट आला. व्हिसाचं स्टिकर मिळालं की नीट वाचावं. "पासून" आणि "पर्यंत" या तारखांमधला काळ मोठा असतो, पण राहायचे दिवस वेगळे लिहिलेले असतात, आणि तेवढेच खरे. किती प्रवेश, तेही तिथेच. अम्मींना एक प्रवेश मिळाला. एकदा फ्रान्समधून बाहेर पडलं की संपलं, मग तारीख शिल्लक असो वा नसो.

फ्रान्समध्ये प्रवेश लंडनमध्येच होतो, ही गंमत सेंट पँक्रास स्टेशनवर दिसते. दोन देशांच्या करारामुळे फ्रेंच सीमा पोलीस तिथे बसतात. ब्रिटिश पासपोर्टची रांग वेगळी. नातवंडं त्या रांगेतून पलीकडे गेली आणि काचेपलीकडून नानीला हात करत उभी राहिली. अधिकाऱ्याने अम्मींना परतीचं तिकीट मागितलं, हॉटेल विचारलं, आणि शिक्का मारला. शिक्क्यात आगगाडीचं लहानसं चित्र असतं. विमानाने आलात तर विमान, बोटीने आलात तर बोट. आपल्या वडिलांच्या पुस्तिकेत अशी बोट आहे का, हे घरी गेल्यावर बघायचं अम्मींनी ठरवलं. (नाही. तिथे फक्त जहाजाचं नाव आणि तारखा आहेत.)

डब्याची सूचना बायकांसाठी, आणि स्वयंपाक करणाऱ्या पुरुषांसाठीही. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दूध, चीज नेता येत नाही, ब्रिटनमधूनही नाही. हलाल असो वा नसो, मटण कबाबाचा डबा सीमेवर जप्त होऊ शकतो. एप्रिल २०२५ पासून उलट दिशेलाही, म्हणजे तिथून ब्रिटनला आणतानाही, हीच बंदी आहे. मासळीला मात्र वीस किलोपर्यंत मुभा आहे. म्हणजे खिमा नेता येत नाही आणि सुके बोंबील नेता येतात. आमच्या कोकणी मनाला हा कायदा फार न्याय्य वाटला, पण रेल्वेच्या डब्यातल्या इतर उतारूंचा विचार करून आम्ही अंड्याच्या पोळ्या नेल्या.

आणखी एक. फ्रान्समध्ये एप्रिल २०११ पासून सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी आहे, दंड १५० युरोंपर्यंत. डोक्यावरचा स्कार्फ रस्त्यावर, दुकानात, रेल्वेत चालतो. ज्या भगिनी नकाब घेतात त्यांनी हे ठाऊक असूनच ठरवावं, जायचं की नाही.

समुद्राखालचा बोगदा पन्नास किलोमीटरचा. अंधार होतो आणि वीसेक मिनिटांनी उजाडतो तो फ्रान्समध्ये. आम्ही आधी लील शहरात उतरलो, कारण तिथून गाडीने तासाभराच्या आत नव-शापेल हे खेडं आहे. आपल्या लोकांनी पॅरिसचा एक दिवस कमी करून इथे यावं असं आम्हाला वाटतं. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या सप्टेंबरात हिंदी पलटणी मार्सेल्सला उतरल्या. मार्च १९१५ मध्ये या खेड्यासाठी तीन-चार दिवस घनघोर लढाई झाली. ज्यांची कबर कुठे आहे हे माहीतच नाही, अशा ४,७०० हून अधिक हिंदी जवानांची आणि मजुरांची नावं इथल्या गोल भिंतीवर कोरली आहेत. स्मारक १९२७ च्या ऑक्टोबरात खुलं झालं. अशोकस्तंभाच्या धर्तीचा पंधरा मीटरांचा खांब, दोन बाजूंना दगडी वाघ, आणि खांबाच्या तळाशी अल्लाह एक आहे या अर्थाचे शब्द इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत.

सभोवार शेतं, वाऱ्याचा आवाज, माणूस नाही. अम्मींनी चष्मा लावून नावं वाचायला सुरुवात केली. खान, मोहम्मद, अली, सिंग, थापा, राम. नातीने विचारलं, "नानी, यांना व्हिसा होता का?" नव्हता. पासपोर्टची सक्ती हिंदुस्थानात त्याच युद्धात, १९१७ च्या नियमांनी आली, आणि कायदा १९२० मध्ये झाला. १९१४ साली बोटीतून उतरणाऱ्या शिपायाला कुणी परतीचा पुरावा मागितला नाही. अम्मींनी हात उचलून दुआ केली, बराच वेळ केली. आम्ही बाजूला उभे राहिलो.

पॅरिसची मोठी मशीदही त्याच युद्धाशी जोडलेली आहे. फ्रान्ससाठी लढून मेलेल्या मुसलमान शिपायांच्या स्मरणार्थ ती बांधली, उद्घाटन १५ जुलै १९२६ रोजी झालं. मिनार ३३ मीटर, बांधणी मोरोक्कोच्या धर्तीची, हिरव्या-निळ्या फरशा, अंगणात पाणी. पाहुण्यांना तिकीट आहे, नमाजीला नाही. प्लास मोंज मेट्रो स्टेशनहून चालत जाता येतं, अम्मींच्या गुडघ्यांनी दोनदा थांबून का होईना, ते अंतर कापलं. जूनमध्ये तिथे मगरिब रात्री दहाच्या सुमारास होते, त्यामुळे अस्र ते मगरिब एवढा दिवस हाताशी राहतो. आम्ही शाफई, चार दिवसांच्या मुक्कामाची नियत नव्हती, म्हणून प्रवासभर कस्र केली आणि झुहर-अस्र, मगरिब-इशा एकत्र केल्या. मशिदीला लागूनच्या बागेत पुदिन्याचा गोड चहा मिळतो. अम्मींनी तो दोनदा घेतला आणि साखर जास्त आहे म्हणाल्या.

परतताना पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनवर आधी फ्रेंच शिक्का मारून बाहेर सोडतात आणि लगेच पुढच्या खिडकीत ब्रिटिश अधिकारी आत घेतो. बाहेर पडल्याचा शिक्का बसला की नाही, हे तिथेच बघून घ्यावं. तोच पुढच्या अर्जात आपल्या बाजूने बोलतो. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाला आहे. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो. अर्थात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून जास्त राहता येत नाही, ती मर्यादा कायम.

ज्यांची मुलं उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टकडे आहेत, त्यांच्यासाठी एक ओळ. तिथून डब्लिनला जाताना रस्त्यात चौकी नाही, म्हणून जायला परवानगी आहे असं नाही. ब्रिटनच्या व्हिसावर त्या दोन देशांच्या संयुक्त योजनेची नोंद असेल तरच भारतीय पाहुण्याने ती सीमा ओलांडावी.

शिक्क्यांचा काळही आता संपत आला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर संगणकी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. चेहऱ्याचा फोटो घेतात, आणि व्हिसा असलेल्यांच्या बोटांचे ठसे आधी दिलेल्या ठशांशी ताडून पाहतात. दिलेले ठसे जवळजवळ पाच वर्षं पुन्हा वापरता येतात. म्हणजे पुढच्या खेपेला अम्मींना केंद्रात बोटं दाबावी लागतील असं नाही, पण सीमेवरच्या काचेवर ती जुळायला हवीत. त्या रोज रात्री इशानंतर हाताला खोबरेल लावतात.